‘उकेमी’ म्हणजे पडणंच का? मराठी शब्द हवाय

धरमपेठची ताई:
मी लहान मुलांच्या आयकिडोच्या (जपानी युद्धकला) बॅचला सरांना मदत करते. नवीन पालकांसाठी एक पानी पत्रक मराठीत करायचंय आणि पहिल्याच ओळीत अडकलेय. मागच्या वर्षी मीच लिहिलं होतं, ‘पहिले तीन महिने मुलांना पडायला शिकवलं जाईल’. एक आई ते पान घेऊन आली, म्हणाली, “पडायले शिकवता म्हणजे तुम्ही पाडूनच राहिले ना पोट्ट्याले?” आणि मुलाचं नाव काढून घेतलं. त्याच पावसाळ्यात तो सायकलवरून पडला, हात पुढे टेकवला आणि मनगट मोडून बसला. हात टेकवायचा नाही हेच तर आम्ही पहिल्या आठवड्यापासून घोकून घेतो. एका शब्दापायी ते राहून गेलं, अजून मनाला लागून आहे.
या पडायला शिकण्याला, म्हणजे कोणी फेकलं तरी इजा न होता जमिनीवर येण्याला, आम्ही उकेमी म्हणतो, पण त्या जपानी शब्दात ‘पडणं’ कुठेच नाही. ‘उकेरु’ म्हणजे घेणं, स्वीकारणं, आणि ‘मी’ म्हणजे अंग. मराठीत काय म्हणू?

महालातले काका:
ताई, कोलांटी म्हणा ना सरळ. आमच्याकडे गुलांटी म्हणतात. कोलांटी हा शब्द कोल्हाट्यांवरून आला, जुनी माणसं कोल्हांटउडीच म्हणायची. दोरावरचे खेळ करणारी माणसं ती, पडण्याची कला त्यांच्याइतकी कोणाला येत होती? म्हणजे शब्दातच मान आहे.

धरमपेठची ताई:
काका, व्युत्पत्ती आवडली पण तो शब्द मी मुलांसमोर उच्चारत पण नाही. कोलांटी म्हटलं की पोरगं डोकं जमिनीला लावतं आणि सरळ मानेवरून जातं. उकेमीत डोकं टेकतच नाही. करंगळीची कड, मग कोपर, खांदा, तिथून पाठीवर तिरकं उतरत दुसऱ्या बाजूचा कंबरेचा भाग, असं चाक फिरतं, आणि हनुवटी छातीशी, नजर पट्ट्याच्या गाठीवर. मागे पडताना पण तेच, गाठ बघत राहिलं की डोक्याची मागची बाजू आपटत नाही. एका शब्दाने मान दुखावू शकते म्हणून एवढं लांबवतेय.

ज्युदोवाला:
आमच्यात सगळे ब्रेकफॉल म्हणतात, पालकांना पण कळतं. विषय संपला. उगाच नवीन शब्द कशाला पाडायचे.

भाषाप्रेमी नागपूर:
संपला कसा? परका शब्द समजतो म्हणून तोच ठेवायचा तर मराठीला काय उरेल. महापौर आणि दिनांक हे शब्द सावरकरांनी दिले तेव्हाही लोक नाक मुरडत होते, आज महानगरपालिकेच्या प्रत्येक कागदावर आहेत. ‘पतनकौशल्य’ घ्या. वर्षभर छापा, रुळेल.

ज्युदोवाला:
सहा वर्षांच्या पोराला मॅटवर ओरडून सांगा बरं, “पतनकौशल्य कर!” तोंडातून निघेपर्यंत तो पडून उठलेला असेल. शब्द दोन अक्षरी पायजे, हाक मारता आली पायजे.

वर्धा रोड:
मला वाटतं मराठीत शब्द आधीच आहे. अंगावर घेणं. उके म्हणजे घेणं आणि मी म्हणजे अंग, ताईनेच सांगितलं की वर. आणि त्याचा उलटा पण आहे, अंग चोरणं. नवीन पोरगं डाव बसताना अंग आखडून घेतं, कोपर ताठ करतं, आणि तिथेच निक्योत, म्हणजे मनगट पिळायच्या डावात, मनगट दुखावतं. कराटेत पण हाच घोळ झालाय, आगे-उके, सोतो-उके सगळ्याला ब्लॉक म्हणतात आणि पोरं हाडावर हाड आपटतात, मूळ शब्दात अडवणं नाहीच.

महालातले काका:
वा भाऊ! तालमीत वस्ताद दिवसातून शंभरदा म्हणायचे, अंग चोरू नको रे. मी हे ऐकत मोठा झालो आणि आज अर्थ लागून राहिला.

भाषाप्रेमी नागपूर:
पण अंगावर घेणं म्हणजे भांडण ओढवून घेणं. “कशाला अंगावर घेतो बे त्याले” हे नागपुरात रोज ऐकू येतं. ज्या आईला पडणं नको होतं तिला हे चालेल?

धरमपेठची ताई:
हा मुद्दा खरा आहे, अडलंच परत. बरं, तोपर्यंत दुसरी ओळ बघा, बोक्केनला मी ‘लाकडी तलवार’ लिहिलंय.

भाषाप्रेमी नागपूर:
तरवार. संस्कृत तरवारि, मराठी तरवार. माझी आजी तरवारच म्हणायची.

वर्धा रोड:
माझी आजी तलवार म्हणायची, ती काय मराठी नव्हती? पण ‘लाकडी तलवार’ वाचलं की जत्रेतलं खेळणं डोळ्यापुढे येतं, पोरं वर्गाबाहेर टकाटक खेळतात. १६१२ साली जपानच्या मुसाशी या तलवारबाजाने द्वंद्वात कोजिरोला मारलं ते वल्हं तासून केलेल्या लाकडी तलवारीनेच, असं परंपरा सांगते. डोक्यावर बसली तर कवटी फुटते हो.

अमरावतीचा:
फरीगदका विसरले का सगळे? फरी म्हणजे ढाल, गदका म्हणजे सरावाचा दांडा. आपल्या आखाड्यांचा शब्द आहे, बोक्केनला गदकाच म्हणा.

महालातले काका:
गदका सरळ असतो, त्यावर चामडं चढवतात. बोक्केनला बाक आहे, धार कुठली अन् पाठ कुठली ते हातात घेतल्याबरोबर कळायला हवं. एक नाही ते. आणि लाकूड कोणतं वापरता ताई? सागवान नका घेऊ, दिसायला देखणं पण टकरीत चिरतं.

धरमपेठची ताई:
जपानात ओकचं असतं, पांढरा नाहीतर लाल. साधारण १०२ सेंटीमीटर. आमच्याकडे दोनच तसे आहेत, बाकीचे इथल्या सुताराकडून.

महालातले काका:
मग धावडा. कुऱ्हाडीचा दांडा धावड्याचाच टिकतो, तो मार खायलाच जन्मला आहे. उभ्या रेषा बघून घ्या, आडवी गाठ असेल तर परत करा.

ज्युदोवाला:
सरावाआधी सुती फडकं फिरवा पूर्ण लांबीवर. अडकलं तर कूस उठलीय, पॉलिश पेपर मारा. चीर दिसली तर मात्र टेप गुंडाळून वापरू नका, बाद करा, तुटलेला तुकडा समोरच्याच्या डोळ्याकडे जातो.

अमरावतीचा:
आणि जवसाचं तेल लावा, आपल्या विदर्भातलंच. फक्त तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतं ते, नागपूरच्या मे महिन्यात तर नक्कोच. पसरून वाळवा.

भाषाप्रेमी नागपूर:
‘कूस’ म्हणजे मराठीत बाजू पण आणि लाकडाचं टोचणारं तूस पण, बघा एकाच शब्दात किती…

धरमपेठची ताई:
उकेमी राहिलंच ना पण! पत्रक शनिवारी छपाईला जातंय. तूर्त ‘उकेमी’ तसंच ठेवते आणि खाली लिहिते, ‘धक्का हाडाने न घेता सगळ्या अंगाने घ्यायला शिकणं’. लांब आहे, हाक मारता येत नाही, ज्युदोवाल्या दादांचं बरोबर आहे. त्या आईला पहिलं पान मी स्वतः नेऊन देणार आहे, ती काय म्हणते ते सांगते.

महालातले काका:
द्या द्या, आणि त्या पोट्ट्याचं मनगट कसं आहे तेही विचारा. बरं, तिवसाचं लाकूड कोणी वापरून पाहिलं का? बैलगाडीला लावायचे आमचे आजोबा.