मदत हवी आहे: सोयापेंड वाढवल्यापासून जिताड्याचं पोट बिघडलंय, एमओएस (यीस्टपासून बनवलेलं खाद्यपूरक) घालून खरंच फरक पडतो का?

नमस्कार मंडळी, टाक्यांमध्ये जिताडा पाळतोय. खाद्यातलं फिशमील (माशांची भुकटी) कमी करून सोयापेंड आणि थोडं कॉर्न ग्लूटेन (मक्याचं प्रथिन) वाढवल्यापासून माशांचं काहीतरी बिनसलंय. मरतूक नाही, अमोनिया आणि ऑक्सिजन रोज बघतो, ते ठीक आहेत. पण आधी खाद्य पडलं की तुटून पडायचे तसे आता पडत नाहीत, काही तर पेलेट तोंडात घेऊन परत थुंकतात. शी दोऱ्यासारखी लांब, फिकट आणि तरंगणारी. एकाच टाकीत लहानमोठे फार व्हायला लागलेत, एफसीआर (एक किलो वाढीला लागणारं खाद्य) पण चढतोय. एक मासा कापून बघितला तर आतड्याचा मागचा भाग लालसर, आत खाद्यापेक्षा पिवळट चिकट पाणीच जास्त. यकृत हिरवट नव्हतं, हे मुद्दाम बघितलं कारण वनस्पतीजन्य खाद्यात टॉरिन (अमिनो आम्लासारखा पोषक घटक) जवळजवळ नसतंच आणि ते कमी पडलं की काही समुद्री माशांचं यकृत हिरवं पडतं. टॉरिन आणि मेथिओनिन (एक अमिनो आम्ल) वेगळं घातलेलं आहे.

खाद्यवाले म्हणतात एमओएस घाला, टनाला २ ते ४ किलो, सगळं जागेवर येईल. इथेच माझं अडतंय. एमओएस म्हणजे यीस्टच्या पेशीभित्तिकेतली मॅनोजची साखळी, काही घातक बॅक्टेरिया आतड्याऐवजी तिलाच चिकटतात आणि शीबरोबर बाहेर जातात, हे पटतं. पण सोयाचा त्रास फक्त बॅक्टेरियाचा थोडाच आहे? सोयातले पचन बिघडवणारे घटक, म्हणजे ट्रिप्सिन इनहिबिटर आणि लेक्टिन, खाद्य नीट शिजलं की बरेचसे निकामी होतात, सॅपोनिन हा सोयातला आणखी एक घटक मात्र उष्णतेला दाद देत नाही, आणि सामन माशात सोयापेंडीने मागच्या आतड्याला जी सूज येते, घड्या आखूड होतात, त्यात सॅपोनिनचा मोठा हात आहे. अल्कोहोलने धुतलेलं सोया प्रोटीन कॉन्सन्ट्रेट दिलं की ती सूज येत नाही. मग मूळ कारण खाद्यात तसंच ठेवून वरून एमओएससारखं प्रीबायोटिक (आतड्यातल्या चांगल्या बॅक्टेरियांना पोसणारं पूरक) देणं म्हणजे गळक्या छताखाली बादली ठेवण्यासारखं नाही का?

दुसरं म्हणजे सोयापेंडीत रॅफिनोज आणि स्टॅकिओज आधीपासूनच असतात, ती पण माशाला न पचणारी, बॅक्टेरियाच खाणार अशी साखरच. त्यात अजून इन्युलिन किंवा एफओएस (अशीच न पचणारी प्रीबायोटिक साखर) घातलं तर आतड्याला ब्युटिरेट (बॅक्टेरिया बनवतात ते, आतड्याच्या पेशींना उपयोगी आम्ल) मिळेल की नुसती शी पातळ होईल? आर्क्टिक चार या थंड पाण्यातल्या माशाला १५ टक्के इन्युलिन दिल्यावर आतड्याच्या पेशींनाच इजा झाली होती. एवढा डोस कुणी देत नाही हे मान्य, पण मांसाहारी माशाचं आखूड आतडं, त्यात आंबायला वेळ किती मिळणार, म्हणून जपूनच जायचंय.

ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी कृपया सांगा, एमओएसने फरक पडला तो वाढीत पडला की फक्त शी सुधारली? बंद केल्यावर टिकला का? एक्सट्रूडरमध्ये (खाद्य शिजवून पेलेट बनवणारं यंत्र) जायच्या आधी पिठात मिसळलं की तयार पेलेटवर तेलातून चढवलं, आणि तेलातून असेल तर पाण्यात किती सुटून जातं? बीटा ग्लुकन (यीस्टमधलाच, प्रतिकारशक्तीसाठी देतात तो घटक) सोबत दिलं असेल तर सलग दिलं की मध्ये खंड ठेवून?

माझा विचार असा आहे की एका टाकीत आत्ताचं खाद्य, दुसरीत तेच अधिक एमओएस, तिसरीत सोयापेंडीचा काही भाग काढून कॉन्सन्ट्रेट, बाकी माशांची संख्या, सरासरी वजन, पाणी, खाद्याची वेळ सगळं सारखं. जमल्यास प्रत्येकाच्या दोन तरी टाक्या, नाहीतर फरक खाद्याचा की टाकीचा तेच कळणार नाही. शेवटी मागच्या आतड्याचे तुकडे लगेच फॉर्मलिनमध्ये टाकून तपासायला द्यायचे, कारण आतडं फार पटकन सडतं. यात काय सुटतंय? आणि किती आठवडे चालवलं तर निकालावर विश्वास ठेवता येईल? तिसऱ्या टाकीचा निकाल एमओएसवाल्या टाकीपेक्षा चांगला आला तर मी प्रीबायोटिकचा नाद सोडून खाद्यच बदलणार आहे, त्यामुळे याच्या उलट अनुभव कुणाचा असेल तर तो आधी ऐकायचाय.