प्रतिसाद: जिप्सम पार्टिशनमध्ये बॉक्स किती बाहेर ठेवायचा?

गंगापूर रोडच्या फ्लॅटमधल्या पार्टिशनचा प्रश्न होता: जिप्सम बोर्ड लागण्याआधी स्विचबोर्डचा मेटल बॉक्स स्टडला (पार्टिशनच्या आतल्या उभ्या पत्र्याच्या खांबाला) समतल बसवायचा का? नाही. बॉक्सची कड तयार भिंतीशी समतल हवी, स्टडशी नाही. एक थर बोर्ड म्हणजे १२.५ मिमी, दोन थर २५. वर लॅमिनेट किंवा टाइल येणार असेल तर तिची जाडीही धरा. बोर्डाचाच तुकडा स्टडवर दाबून धरा आणि बॉक्सची कड त्याला लावून स्क्रू आवळा. मोजायच्या टेपची गरजच नाही.

बॉक्स २ मिमी जरी बाहेर राहिला तरी फ्रेम (स्विच बसतात ती चौकट) डोलते आणि वरच्या कव्हर प्लेटच्या कडेला फट दिसते. आत गेला तर बहुतेक कारागीर स्क्रू आवळून फ्रेम ओढतात. मग फ्रेम वाकते, मॉड्यूल (स्विच, सॉकेट) निसटतात, बोर्डाची कड चुरते. अमेरिकन वायरिंग कोडमध्ये जिप्समसारख्या न जळणाऱ्या भिंतीत जास्तीत जास्त ६ मिमी आत चालतो, लाकडी भिंतीत अजिबात नाही. त्यामुळे प्लायच्या पॅनेलवर जास्त जपा. आत गेलाच तर लांब स्क्रू आणि बॉक्सच्या कानाशी (फ्रेमचा स्क्रू बसतो तिथे) पक्के स्पेसर. पुट्टी भरून भागत नाही. बॉक्सभोवतीची फटही ३ मिमीच्या आत ठेवा.

आणि हो, ५० मिमी स्टडमध्ये ५० मिमी खोलीचे दोन बॉक्स पाठीला पाठ मावत नाहीत. बेडरूमचा आणि हॉलचा बॉक्स दोन स्टडमधल्या वेगवेगळ्या गाळ्यांत घ्या, आवाजही कमी जाईल.