दोन दिवस झाले, पिल्लू शीच करत नाहीये

माऊची_नवी_आई: परवा आमच्या पार्किंगमध्ये मांजराचं पिल्लू सापडलं, त्याची आई रात्रीपर्यंत आली नाही म्हणून वर घेऊन आले. डोळे उघडलेत, निळे आहेत, चालताना लटपटतं, पुढचे दात जेमतेम हाताला लागतात. ड्रॉपरने मांजराच्या पिल्लांसाठी मिळतं ते पावडरचं दूध मस्त पितंय पण शी एकदाही नाही, सू पण टॉवेलवर जराशी दिसली तेवढीच. ट्रेमध्ये लिटर (शी-सूसाठीची वाळू) ठेवलं तर त्यात जाऊन झोपतं 😩 सासूबाई म्हणतात गाईचं दूध दे, पोट साफ होईल. देऊ का?

बोकोबा: तीनेक आठवड्यांचं असणार. या वयात त्यांना आपलं आपण नीट होत नाही हो, आई चाटते तेव्हा होतं. आता आई तुम्ही. प्रत्येक वेळी दूध पाजलं की कापसाचा बोळा कोमट पाण्यात बुडवून पिळायचा आणि शेपटीखाली हलक्या हाताने फिरवत राहायचं, घासायचं नाही. सू जवळपास दरवेळी होते, शी दिवसातून एकदा झाली तरी बास. मांडीवर जुना टॉवेल घ्या, मी नव्हता घेतला.

तीन_मांजरं_एक_माणूस: गाईचं दूध अजिबात नको, त्यातलं लॅक्टोज झेपत नाही, जुलाब लागले की एवढ्याशा जिवातलं पाणी भराभर कमी होतं. पावडरच्या दुधावर शी साधारण पिठल्याच्या रंगाची, मऊ होते (जेवत असाल तर सॉरी). आणि गोळा होणारं लिटर असेल तर आधी उचला, पिल्लं ते तोंडात घालतात आणि पोटात जाऊन ते फुगतं. सध्या पेपरचे तुकडे टाका, चौथ्या आठवड्यात स्वतःच उकरायला लागेल.

माऊची_नवी_आई: बोळा फिरवला, धो धो सू!! शी नाहीच पण, कुंथतंय आणि पोट टम्म लागतंय.

बोकोबा: मग आता इथे विचारत बसू नका, आजच व्हेटकडे न्या. घरी एरंडेल वगैरे काही पाजू नका.

माऊची_नवी_आई: जाऊन आले. डॉक्टरांनी तिथेच करवली, केवढी ती! मी पावडर फार घट्ट कालवत होते म्हणे. जंताचं औषध दिलंय, दोन आठवड्यांनी परत द्यायचंय. आज सकाळी बोळ्यावर झाली, रंग पिठल्याचाच, सासूबाईंना नेऊन दाखवला.