मदत हवी आहे: रक्ताच्या दोन तपासण्या, दोन उत्तरं. कोणतं खरं धरायचं?

नमस्कार. आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. मला ११ आठवडे २ दिवस झालेत आणि बाळ मुलगा आहे की मुलगी, याचे दोन परस्परविरोधी रिपोर्ट हातात आहेत.

मुलगा किंवा मुलगी, कोणीही आलं तरी आम्हाला आनंदच आहे. माझ्या धाकट्या भावाला हिमोफिलिया ए (रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक आजार) आहे आणि मी वाहक आहे. म्हणजे मुलगा असेल तर त्याला आजार असण्याची शक्यता निम्मी. लहानपणी रात्री-अपरात्री भावाचा गुडघा सुजायचा. आई फडक्यात बर्फ बांधून धरून बसायची आणि पहाटेच्या पहिल्या एसटीने त्याला फॅक्टर आठच्या (रक्त गोठवणाऱ्या घटकाच्या) इंजेक्शनसाठी साताऱ्याहून पुण्याला न्यायची. ते डोळ्यांसमोरून जात नाही.

सातव्या आठवड्यात नणंदेने हौसेने घरी करायचं किट पाठवलं. बोट टोचलं, रक्त येईना, म्हणून ह्यांनीच माझं बोट दाबून थेंब नळीत पाडले. उत्तर आलं, मुलगा. दहाव्या आठवड्यात हॉस्पिटलने दंडातून रक्त घेतलं. तिथे लिहून आलं, वाय गुणसूत्र आढळलं नाही, म्हणजे मुलगी.

किटवर माझा विश्वास नाही. पुरुषाच्या हातावरच्या पेशींतूनही वाय नळीत जाऊ शकतं. माहितीपत्रक मी नंतर नीट वाचलं, तर त्यात नखं ब्रशने घासा, पुरुषांना लांब ठेवा असं चक्क लिहिलेलं होतं.

पण हॉस्पिटलच्या रिपोर्टबद्दलही एक शंका मनातून जात नाहीये. बाळाचा म्हणून जो डीएनए आईच्या रक्तात सापडतो, तो मुख्यतः वारेतून येतो आणि दहाव्या आठवड्याला रक्तातल्या मोकळ्या डीएनएपैकी साधारण दहा टक्के असतो. मुलगा असेल तर वाय दिसतं. मुलगी असेल तर ते दिसत नाही, एवढंच. मग बाळाचा डीएनएच नमुन्यात कमी आला असेल तर? माझ्या रिपोर्टवर त्याचं प्रमाण लिहिलेलं नाही. (सुरुवातीच्या सोनोग्राफीत एकच पिशवी दिसली होती, त्यामुळे विरून गेलेल्या जुळ्या मुलाच्या डीएनएमुळे किटने 'मुलगा' दाखवला, असंही नसावं.)

घाई अशी की मुलगा असेल तर त्याला हिमोफिलिया आहे का हे पाहायला वारेचा नमुना घेऊन करायची तपासणी ११ ते १४ आठवड्यांत होते. त्यात गर्भपाताची थोडी जोखीम आहे, त्यामुळे मुलगी असेल तर ती उगाच करायची नाही. सोनोग्राफीत खात्रीने कळेपर्यंत सोळावा आठवडा उजाडेल आणि मग फक्त गर्भजलाची तपासणी उरेल.

वाहक असलेल्या कोणी हॉस्पिटलमधली ही रक्ततपासणी करून घेतली आहे का? 'मुलगी' असा निकाल आल्यावर पुन्हा रक्त द्यायला सांगितलं होतं का? बाळाच्या डीएनएचं प्रमाण लॅबकडून लेखी मागता येतं का? पुढे सोनोग्राफीत वेगळं निघालं असं कोणाचं झालंय का? आणि मुलगीही वाहक असू शकते, तर बाळंतपणात चिमटा किंवा व्हॅक्यूम टाळायला तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं का?

एक विनंती. भारतात बाळ मुलगा की मुलगी ही माहिती देणं-घेणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि महाराष्ट्राने तर १९८८ मध्येच स्वतःचा कायदा केला होता. 'इकडे कुठे होतं' असं कृपया इथे विचारू नका.

गुरुवारी जेनेटिक समुपदेशकाची वेळ आहे, त्याआधी कोणी लिहिलं तर फार बरं होईल.