घाऊक दरावर कमाल मर्यादा: हवाईचा अनुभव

रिफायनऱ्या (कच्च्या तेलापासून पेट्रोल बनवणारे कारखाने) मोजक्याच असतील तर सरकारने पेट्रोलच्या घाऊक दरावर कमाल मर्यादा घालावी, असं सुचवलं जातं. स्पर्धा कमी, हे दुखणं अचूक पकडलंय, पण उपायाशी मी सहमत नाही. अमेरिकेतल्या हवाई राज्यात हे करून झालंय. तेव्हा तिथे अख्ख्या राज्यात दोनच रिफायनऱ्या होत्या, त्याही ओआहू बेटावर, स्पर्धा नावालाच. १ सप्टेंबर २००५ पासून तिथला सरकारी नियामक आयोग दर आठवड्याला कमाल घाऊक दर ठरवू लागला. आधार काय, तर लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क आणि गल्फ कोस्ट (अमेरिकेचा दक्षिण किनारा) इथल्या भावांची सरासरी, वर वाहतूक खर्च वगैरे. आणि तीनच दिवस आधी कॅटरिना वादळ गल्फ कोस्टवर आदळलेलं! तिकडचे भाव भडकले तसा हजारो मैलांवरच्या हवाईतला कमाल दरही चढला, तिथल्या रिफायनऱ्यांना वादळाची झळही बसलेली नसताना. मे २००६ मध्ये ही मर्यादा स्थगित झाली.

मला ऑस्ट्रेलियाची पद्धत जास्त पटते. तिथे घाऊक विक्रेत्याला टर्मिनलवरचा (इंधनाच्या साठवण डेपोतला) दर रोज जाहीर करावा लागतो आणि त्या दराने माल मागणाऱ्या छोट्या पंपवाल्यालाही सबळ कारणाशिवाय नाही म्हणता येत नाही.