प्रतिसाद: वायरचं तांबं मायक्रोमीटरने कळतं का?

वर एकांनी घरच्या वायरच्या आतल्या तारा सोलून, मायक्रोमीटरने (बारीक जाडी मोजायचं साधन) त्यांचा व्यास मोजून वायरमध्ये खरंच १.५ स्क्वेअर एमएम तांबं आहे का, याचा हिशेब मांडलाय. मेहनत दाद देण्याजोगी, पण वायर पास की नापास हे व्यासावर ठरत नाही, रेझिस्टन्सवर, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्यावर ठरतं. आयएस ८१३० या भारतीय मानकानुसार १.५ स्क्वेअर एमएमच्या फ्लेक्झिबल तांब्याच्या वायरला २० अंशांवर किलोमीटरला जास्तीत जास्त १३.३ ओहम चालतात. तांबं भेसळीचं असेल तर जाडी बरोबर येऊनही वायर इथे पकडली जाते.

लॅबमध्ये एक मीटरचा तुकडा घेतात, म्हणजे मोजायचे जेमतेम १३.३ मिलिओहम. साध्या मल्टिमीटरच्या लीड्सचाच (मोजायला जोडायच्या वायरींचाच) रेझिस्टन्स त्याहून कितीतरी जास्त, म्हणून केल्व्हिन ब्रिज किंवा चार टोकांचा मायक्रोओहममीटर लागतो; ही अगदी कमी रेझिस्टन्स मोजायची, लीड्सचा रेझिस्टन्स वगळणारी साधनं. तापमानाचं करेक्शन, म्हणजे आकडा २० अंशांवर आणून बघणं, विसरू नका. मे महिन्यात नागपुरात ४० अंशांवर मोजलंत तर आकडा जवळपास आठ टक्के चढा येणार आणि चांगली वायर उगाच बदनाम होणार.

घरी बघायचंच असेल तर ९० मीटरचं अख्खं बंडल मोजा, लीड्सचा आकडा वजा करा. २० अंशांच्या हिशेबाने १.२ ओहमच्या आत यायला हवं. फक्त बंडल खरंच ९० मीटर आहे ना, ते आधी बघा. लांबी मारलेली असली तर रेझिस्टन्स आपोआप कमी दिसतो आणि एक चोरी दुसरीला झाकते!