शब्दचर्चा: सबलीकरण, सक्षमीकरण, सशक्तीकरण की ‘मी केलो’?

प्रश्न (कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली एक शिक्षिका)

नमस्कार. आमच्या मराठी शाळेतल्या आठवी-नववीच्या मुली सुट्टीत मोबाईलवर छोटे सिनेमे करणार आहेत. गोष्ट त्यांनीच रचायची, कॅमेरा त्यांनीच धरायचा, शेवटी देवळापुढच्या पटांगणात गावाला दाखवायचं आणि गावकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरंही त्यांनीच द्यायची. बोर्डावर काय लिहू? कुणी म्हणतं महिला सबलीकरण, कुणी सक्षमीकरण. हिंदीत सशक्तिकरण वाचलंय. तिन्हींत फरक काय? आणि ‘लीडरशिप’ला नेतृत्वाशिवाय दुसरा शब्द आहे का? तो जोडाक्षरांचा शब्द म्हणतानाच पोरी अडखळतात.

शहापूरची लेक

ताई, आधी शब्द उलगडून बघू, मग बोर्डाचं ठरवू.

तिन्हींची शेपटी एकच, ‘-ईकरण’. यातली ‘ई’ येते ती संस्कृत व्याकरणातल्या च्वि प्रत्ययामुळे, पाणिनीचं सूत्र ५.४.५०. जे आधी तसं नव्हतं ते तसं करणं, हा त्याचा अर्थ, म्हणून ‘अभूततद्भाव’ हे नाव. शुद्ध नव्हतं ते शुद्ध केलं की शुद्धीकरण, रुंद नव्हता तो रस्ता रुंद केला की रुंदीकरण. (त्यामुळे मराठीत सशक्तीकरणातली ‘ती’ दीर्घच लिहायची.) म्हणजे सबलीकरण म्हणताना दोन गोष्टी आपण न बोलता कबूल करतो. ही बाई आधी सबल नव्हती, आणि तिला सबल करणारं दुसरं कुणीतरी आहे. रस्त्याचं रुंदीकरण खातं करतं, रस्ता करत नाही. वाक्यात बाई कर्माच्या जागी बसते. माझी खरी अडचण इथं आहे, पण तिच्याकडे नंतर येते.

आता एकेक शब्द. ‘सबलीकरण’मागे ‘अबला’ उभी आहे. संस्कृतात आणि जुन्या मराठीत अबला म्हणजे सरळ स्त्रीच, त्यामुळे सबला म्हटलं की कानाला आधी अबला ऐकू येते. आपल्याकडे मात्र हाच शब्द जास्त दिसतो, कारण कन्नडमध्ये ‘महिळा सबलीकरण’ हाच रूढ आहे आणि तालुक्याच्या कचेरीपासून अंगणवाडीपर्यंत तोच लिहिलेला असतो. ‘सशक्तीकरण’ हिंदीच्या वाटेनं आला. भारत सरकारनं २००१ हे महिला सशक्तीकरण वर्ष म्हणून पाळलं तेव्हापासून तो फार कानावर पडतो. पण मराठी घरात सशक्त म्हणजे अंगानं धडधाकट. ‘बाळ सशक्त आहे’ असं आपण म्हणतो. तुमच्या पोरी शेतातून भाताच्या पेंढ्या डोक्यावरून आणतात, त्यांना सशक्त व्हायला शिबिर कशाला?

राहिला ‘सक्षमीकरण’. ‘क्षम’ हे मुळातच विशेषण आहे, ‘कार्यक्षम’मध्ये दिसतं तसं. त्याला ‘स’ लावायची गरज नव्हती, पण शब्द रुळला. त्याची एक बाजू मला आवडते. सरकारी मराठीत ‘सक्षम प्राधिकारी’ म्हणजे ज्याच्या सहीला किंमत आहे असा माणूस. ताकद, तब्येत यापलीकडचा अधिकार त्या शब्दात आहे. तिघांतलाच एक हवा असेल तर हा घ्या.

पण बायका स्वतः काय म्हणतात? बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत ‘बचत गट’ फारसं कुणी म्हणत नाही, तो महाराष्ट्राकडचा शब्द. आपल्याकडे ‘संघ’. कर्नाटकात २०००-०१ साली स्त्रीशक्ती योजना सुरू झाली आणि ‘संगाला जाऊन आलो’ हे वाक्य घराघरांत आलं. माझी आत्या अशाच एका संघात आहे. कर्जाच्या कागदासाठी ती पहिल्यांदा बँकेत गेली, त्या दिवसाचं ती एवढंच सांगते: “साहेबाम्होरं खुर्ची ओढून घेतलो आणि बसलो.” बसा कुणी म्हटलं नव्हतं. नव्या लुगड्याच्या ओच्यात पासबुक होतं, ते तिनं टेबलावर ठेवलं आणि त्यावरचा हात काढला नाही. सक्षमीकरण हा शब्द तिनं आयुष्यात उच्चारलेला नाही. ‘धीर आला’, ‘चार माणसांत तोंड उघडलो’, ‘आता घरात माझं पण चालतंय’ हे तिचे शब्द. सगळ्या क्रियापदांची धनी ती स्वतः.

आणि तिचं क्रियापद बघा. ‘घेतलो’, ‘बसलो’. आपल्या बेळगावी मराठीत बाई ‘मी आलो, मी जातो’ म्हणते, आणि ‘मी केलं’च्या जागी ‘मी केलो’ म्हणते. कोल्हापूर, चंदगडकडेही बायकांच्या तोंडी ‘आलो, जातो’ ऐकू येतं. कन्नडमध्ये ‘मी’च्या क्रियापदाला लिंग नाही. ‘बंदे’ म्हणजे आलो आणि आले दोन्ही. शेजारच्या भाषेचा तो वारा आहे. ‘मी केलं’मध्ये क्रियापद केलेल्या वस्तूच्या मागे जातं: पोळी केली, लाडू केला. ‘मी केलो’मध्ये ते करणारीच्या मागे जातं. ती केलेल्या वस्तूआड लपत नाही.

मी शिकायला बाहेर गेले तेव्हा वर्गात ‘मी आलो’ म्हटल्यावर हसू झालं. महिन्याभरात मी ‘आले’ म्हणायला शिकले, आणि त्याबरोबर वर्षभर वर्गात फार कमी बोलले. प्रत्येक वाक्याआधी क्रियापद तपासायचं म्हटल्यावर बोलण्यातली हिंमतच संपते. म्हणून तुमच्या सिनेमांबद्दल एक कळकळीची विनंती. मुलीनं निवेदनात ‘मी शूटिंग करूलालो’ (करतेय) म्हटलं तर तसंच ठेवा. एका शाळेच्या अशाच उपक्रमात सुंदर चित्रण केलेल्या मुलीचा आवाज ‘अशुद्ध’ म्हणून काढून तिथं बाईंचा आवाज घातलेला मी पाहिलाय. पडद्यावर तिची आजी काजूच्या बिया भाजत होती, धुरानं डोळे पुसत होती, कॅमेरा हातात थरथरत होता, आणि वरून प्रमाण मराठीतलं निबंधासारखं वाक्य. ती मुलगी मागच्या भिंतीला टेकून उभी होती. सिनेमा तिचा राहिला नव्हता.

सिनेमा आणि बायकांचं बोलणं याचा जिल्ह्यातला मोठा दाखला निपाणीचा आहे. तिथल्या तंबाखू कामगार बायकांनी संघटना बांधली, संप केला. दीपा धनराज आणि त्यांच्या साथीदारांच्या ‘युगांतर’ या गटानं १९८२ साली त्यावर मराठी माहितीपट केला, ‘तंबाखू चाकीला ऊब आली’. या गटानं आधी त्या बायकांसोबत महिनोन् महिने काढले, त्यांचं ऐकलं. वखारीतलं काम, सभा, आपसातली बोलणी त्या बायकांनीच कॅमेऱ्यापुढे उभी केली. शब्दचर्चा आहे म्हणून शीर्षकातलं क्रियापद दाखवते. ऊब ‘दिली’ नाही, ऊब ‘आली’. तंबाखूचा पाला रचून ठेवला की त्याला आतून उष्णता धरते. बाहेरून कुणी जाळ लावत नाही. ‘-ईकरण’ला जे जमत नाही ते या दोन अक्षरांच्या क्रियापदानं केलं.

‘लीडरशिप’बद्दल. इथं मराठीनं बायकांवर थोडा अन्याय केलाय. कन्नडमधल्या ‘नायकी’चे दोन अर्थ आहेत, सिनेमातली नायिका आणि लोकांचं नेतृत्व करणारी बाई. मराठीत ‘नायिका’ फक्त पडद्यावर राहिली, आणि ‘नायकीण’ तर कलावंतिणीकडे वळला. ‘पुढारी’ मानाचा, पण ‘मोठी पुढारीण लागून गेलीस’ हा टोमणा. ‘-ईण’ची गोष्टच तशी. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको. याला आपल्या मातीतला अपवाद बेळवडीची मल्लम्मा. मराठी लिखाणात ती सावित्रीबाई देसाई म्हणून येते. ही देसाईण शिवाजी महाराजांच्या फौजेसमोर स्वतः गढी लढवत होती. एकाच बाईची गोष्ट सीमेच्या दोन बाजूंना दोन नावांनी सांगतात.

मला विचाराल तर ‘पुढाकार’ घ्या. ‘नेतृत्व’ला मागे चालणारी माणसं लागतात, पुढाकार एकटी मुलगीही घेऊ शकते. आणि तो ‘घ्यावा’ लागतो, कुणी देत नाही. बोलीत ‘पुढं होणं’ आहेच: “कोण पुढं होतीस गे?”

निपाणीकर

ऊबेबद्दल अगदी बरोबर. आमची आई वखारीत जायची. अंगाला तंबाखूचा वास, रात्रभर खोकला. तिच्या तोंडी ‘गरम झालं’ वेगळं आणि ‘ऊब धरली’ वेगळं. ऊब हळूहळू धरते आणि मग लवकर जात नाही.

एक भाषाशिक्षक

‘मी केलो’चं एवढं कौतुक पटत नाही. दहावीच्या मराठीच्या पेपरात हेच लिहिलं तर मार्क जातील. मुलींचं नुकसान करून अस्मिता जपायची का?

शहापूरची लेक

सर, तुमची काळजी खरी आहे. पेपरात प्रमाण मराठीच लिहायला शिकवावं, मीही ती शिकले म्हणून आज इथं लिहितेय. माझं म्हणणं एवढंच, की उत्तरपत्रिका बोर्डाची असते, गोष्ट तिची असते. आपल्या आज्या श्रावणात मुठीत तांदूळ धरून कहाणी ऐकायच्या, ‘साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ झाली की तांदूळ देवापुढे वाहायच्या. सांगणारी बाई, ऐकणाऱ्या बाया, आणि कुणीच कुणाचं क्रियापद सुधारत नव्हतं. ‘गोष्ट’ शब्दसुद्धा ‘गोष्ठी’पासून आलाय, म्हणजे चार जणांत बसून केलेलं बोलणं.

चिक्कोडीहून

पंचायतीतले शब्दही यात घ्या. पलीकडे महाराष्ट्रात सरपंच, आपल्याकडे अध्यक्ष. कन्नडमध्ये ‘अध्यक्षे’ असं वेगळं स्त्रीरूप आहे. कर्नाटकानं मंडल पंचायतींत बायकांना २५ टक्के जागा १९८७ च्या निवडणुकीतच दिल्या होत्या, देशभर पंचायतींत बायकांसाठी जागा राखणारी ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात येण्याआधी. पण अजूनही गावात ‘अध्यक्षांचे मालक आलेत’ असं म्हणतात आणि खुर्ची नवऱ्याला देतात. ‘मालक’ शब्दाचीही चर्चा व्हायला पाहिजे.

आणि एक शब्द मला टोचतो, ‘माजी देवदासी’. आमच्या तालुक्यातल्या सीतव्वा जोडट्टींना २०१८ साली पद्मश्री मिळाली. देवदासी म्हणून वाहिलेल्या हजारो बायकांना एकत्र आणणाऱ्या संस्थेची धुरा त्यांनी सांभाळली. तरी बातमीत नावाआधी ‘माजी’ येतंच. माजी आमदार म्हणतात ते सोडलेल्या पदाला. हे काय पद होतं?

शहापूरची लेक

तुमचा मुद्दा मी शंभर वेळा उचलून धरीन. सौंदत्तीच्या यल्लम्माला मुलगी ‘सोडली’ असं म्हणतात, तिथंही मुलगी कर्म. मुलगी वाहायला कर्नाटकात १९८२ च्या कायद्यानं बंदी आली, पण शब्दांनी बाईला अजून कर्माच्या जागेवरून उठू दिलेलं नाही. सीतव्वांना ‘संघटक’ म्हणावं, ‘कर्ती बाई’ म्हणावं. मराठीत ‘कर्तीसवरती’ हा किती भरलेला शब्द आहे. घरादाराचा भार पेलणारी, निर्णय घेणारी. ‘कर्ता पुरुष’ सगळ्यांना आठवतो, ‘कर्ती’ विसरतात. मल्लम्मा कर्ती होती, सीतव्वा कर्ती आहेत.

खानापूर तालुक्यातली शिक्षिका

सगळ्यांचे आभार. काल ही सगळी चर्चा मुलींना वाचून दाखवली. ‘दिग्दर्शिका’वर बराच वेळ गेला, कारण एकीच्या कन्नड मैत्रिणीनं तिला ‘निर्देशकी’ सांगितलं होतं आणि मराठीत त्याच्या जवळचा ‘निदेशक’ म्हणजे आयटीआयमध्ये शिकवणारा. शेवटी त्यांनी कामाच्या यादीत ‘दिग्दर्शन’ एवढंच लिहिलं आणि पुढे तिघींची नावं.

बोर्डासाठी मी ‘पुढाकार’ सुचवला. नववीतल्या एकीनं खडू माझ्या हातातून घेतला आणि फळ्यावर लिहिलं: ‘आम्ही केलो ते सिनेमे’. खाली कन्नड ओळ हवी म्हणून दुसरीनं ‘हुडुगेरु माडिद सिनेमा’ (मुलींनी केलेला सिनेमा) जोडलं. रंगारी उद्या येतोय. तो पहिल्या ओळीत ‘केलेले’ करून देईल अशी मुलींना भीती आहे, म्हणून दोघी त्याच्याजवळ उभ्या राहणार आहेत.